फुकटचा उपाय

उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला, जे लेखी आणि तातडीचे असेल ते खरे मानण्याची सवय जडते. ब्राउझरमध्ये झळकणाऱ्या खोट्या व्हायरस-इशाऱ्यांचा सगळा धंदा अशाच सज्जनांवर चालतो, आणि माझे सासरे त्या सज्जनांचे शिरोमणी आहेत.

त्या रविवारी दुपारी दादरहून त्यांचा फोन आला. "जावईबापू, लॅपटॉपमध्ये पाच व्हायरस शिरले आहेत. बंद करू नका असे लिहिले आहे, म्हणून मी बंद केलेला नाही." मागे भोंगा वाजत होता आणि एक बाई इंग्रजीत दम देत होती. जुनी नाट्यपदे फुकट उतरवून घेण्याच्या नादात ते अशा एका संकेतस्थळावर जाऊन पोहोचले होते, की जिथे 'डाउनलोड'ची हिरवीगार बटणे जागोजाग असतात आणि त्यांतले एकही नाट्यपदाचे नसते. एस्केपचे बटण दाबून धरा, असे मी सुचवून पाहिले. पण एवढ्या गंभीर प्रकरणाचा निकाल फोनवर लागणे त्यांना प्रशस्त वाटेना. पाच मिनिटांत सर्व माहिती नष्ट होईल, असे पडद्यावर बजावलेले होते. मी मुलुंडला होतो आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक होता.

मी पोहोचलो तेव्हा लॅपटॉप दोन उशांखाली दडपलेला होता आणि शेजारच्या काकू, इमारतीत आग विझवण्याचा सराव चालू आहे का, हे विचारून नुकत्याच परतल्या होत्या. उशा बाजूला केल्या. निळ्याशार पडद्यावर मायक्रोसॉफ्टचे चौरंगी चिन्ह होते, सी ड्राइव्हमधल्या फायलींची नावे भराभर वर सरकत होती, आणि कोपऱ्यातले घड्याळ शून्यावर येऊन, कोणी पाहत नाही अशा बेताने, पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू होत होते. शेजारी सासऱ्यांची डायरी उघडी होती. तीत तो मदतीचा फोन नंबर वळणदार अक्षरात, वेळेसह नोंदवून खाली रेघ मारलेली होती.

वेबपानाला आपल्या डिस्कमध्ये डोकावता येत नाही, ब्राउझर त्याला कुंपणातच ठेवतो, आणि ही जी तपासणी दिसते आहे ती निव्वळ हलते चित्र आहे, हे मी त्यांना समजावले. हेच चित्र मोबाइलवरही सी ड्राइव्ह तपासून दाखवते, मग मोबाइलला सी ड्राइव्ह नसला तरी त्याची त्याला फिकीर नसते.

"पण बाईंचे इंग्रजी अस्सल अमेरिकन आहे."

अमेरिकन उच्चार मीरा रोडलाही तयार होतात, असे मी नम्रपणे म्हणालो. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा आपली मुले अमेरिकेच्या कर खात्याच्या नावाने खुद्द अमेरिकनांनाच फोनवर दमदाटी करत असल्याचे उघड झाले होते. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. इथे मला थांबता आले असते. परंतु माहितीच्या भरात मी १९८६ च्या 'ब्रेन' या व्हायरसची गोष्ट सांगितली. लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेल्या त्या व्हायरसमध्ये त्यांच्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर चक्क नमूद केलेला होता.

"म्हणजे खऱ्यातही नंबर असतो तर," सासरे म्हणाले, आणि डायरी जरा जवळ ओढून घेतली.

मग त्या नंबरावर फोन केल्यास काय होते, ते सविस्तर सांगणे भाग पडले. पलीकडचा गोडबोल्या माणूस प्रथम आपल्या संगणकाचा ताबा दुरून घेता येईल असे सॉफ्टवेअर टाकायला लावतो. नंतर विंडोजमधला 'इव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे संगणकाच्या बारीकसारीक घडामोडींची नोंदवही, उघडून तिथल्या चुकांच्या लाल खुणा दाखवतो. त्या धडधाकट संगणकातही असतात, पण एरवी तिकडे कोण फिरकतो? मग दुरुस्तीचे पैसे मागतो. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी. हा क्रमांक सासऱ्यांनी लिहून घेतला; पहिला खोडला मात्र नाही.

प्रत्यक्ष उपचाराला मिनिटभरही लागले नाही. एस्केप दाबून धरल्याबरोबर पूर्ण पडदा व्यापलेले ते पान आक्रसले आणि वर त्याचा अगम्य, लांबलचक पत्ता उघडा पडला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला आणि पुन्हा उघडताना 'आधीची पाने परत आणू का' या प्रश्नाला नकार दिला. सेटिंग्जमध्ये सूचना पाठवण्याची परवानगी मिळवलेल्या संकेतस्थळांची भली मोठी यादी निघाली. आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी 'अलाउ' दाबा, असे ज्याने ज्याने म्हटले, त्याला सासऱ्यांनी भिडेखातर होकार दिला होता. ती सगळी काढून टाकली.

"एवढेच?"

त्या एका शब्दात माझ्याविषयीची सगळी निराशा होती. भोंगा, बाई, पाच व्हायरस आणि शेजाऱ्यांची धावपळ इतक्या थाटात आलेले संकट तीन बटणांनी जावे, आणि तेही फुकटात, हे आपल्याकडे कोणाच्याच पचनी पडत नाही. खरे आव्हान पान बंद करण्याचे नसते. काही झालेलेच नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवण्याचे असते. फोनवरचा तो गोडबोल्या निदान तासभर खपतो आणि वर पैसेही मागतो, म्हणून तो जास्त जाणकार वाटतो.

शेवटी मी विंडोजच्याच डिफेंडर या व्हायरस-शोधकाची संपूर्ण तपासणी लावून दिली. ती खरोखरीच रेंगाळत चालते. सासरे खुर्ची ओढून समोर बसले, चहा आला, संध्याकाळ झाली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसू लागले. अखेर 'कोणताही धोका आढळला नाही' असा निर्वाळा आला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"बरे झाले," ते म्हणाले. "पण एकदा दुसरीकडे दाखवून घ्यायचे का?"