शाळा घाबरट पालकांमुळे बंद राहिल्या, हे खरं नाही

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला चार जणांनी पाठवला. त्यातले दोघे जवळचे नातेवाईक आहेत, म्हणून गप्प बसवत नाही. मजकुराचा सारांश असा: कोरोनाचा मुलांना धोका नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. स्वीडनने शाळा चालू ठेवल्या आणि तिथे काही बिघडलं नाही. इतर ठिकाणी घाबरट पालकांनी शाळा उघडू दिल्या नाहीत. आज 'उघडा', उद्या 'बंद ठेवा' अशी त्यांची धरसोड चालली. ज्यांनी मन घट्ट ठेवलं त्यांची मुलं मागे पडली नाहीत. तेव्हा पुढच्या साथीत पालकांना विचारत बसू नये.

आधी जे मान्य आहे ते सांगते. शाळा बंद राहिल्याने मुलांचं अतोनात नुकसान झालं. एप्रिल २०२० मध्ये, युनेस्कोच्या मोजणीनुसार, जगभरात दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी वर्गाबाहेर होते. युगांडात मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्णपणे उघडायला जानेवारी २०२२ उजाडला. इतका काळ शाळा बंद ठेवण्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्या नुकसानीचं खापर पालकांच्या डोक्यावर फोडलं जातंय, ते मला मान्य नाही.

'पहिल्या दिवसापासून माहीत होतं'

नव्हतं. मार्च २०२० मध्ये सगळ्यांच्या हाताशी अनुभव होता तो फ्लूचा, आणि फ्लू पसरवण्यात लहान मुलं पुढे असतात. वर्गात एकमेकांकडून घेतात, घरी आणतात. म्हणूनच २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने रुग्ण आढळलेल्या शाळा दोन आठवड्यांपर्यंत बंद ठेवायचा सल्ला आधी दिला होता. आजार वाटला तितका तीव्र नाही असं दिसल्यावर त्याच वर्षी ५ मे रोजी तो बदलला. नव्या आजाराबाबत तज्ज्ञ असेच शिकतात, आणि त्यात काही गैर नाही.

कोरोना मुलांना फारसा गंभीर होत नाही, हे आकडे साठत गेले तसं स्पष्ट झालं. ते स्पष्ट होत असतानाच, एप्रिल २०२० च्या अखेरीस, ब्रिटनमधल्या डॉक्टरांना एक इशारा गेला: काही मुलांना ताप, पोटदुखी आणि हृदयापर्यंत पोचणारी सूज असा आजार होतोय, आणि त्याचा या विषाणूशी संबंध असावा. पुढे तो दुर्मीळ ठरला. पण ज्या रात्री आईबापांनी ती बातमी वाचली, त्या रात्री तो किती दुर्मीळ आहे हे सांगणारा आकडा कुणाकडेच नव्हता. आज तो आकडा हातात घेऊन त्या रात्रीच्या माणसाला भित्रा म्हणणं ही पश्चातबुद्धी आहे.

शिवाय 'मुलांना धोका नाही' एवढ्याने प्रश्न संपतच नव्हता. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि घरात सासूबाई होत्या, दम्याच्या. मुलगी आजारी पडेल याची मला जेवढी भीती होती, त्याहून जास्त भीती होती ती तिने आजीला मिठी मारण्याची. मुलीला काय सांगणार होते मी? शाळेत जा, पण आल्यावर आजीजवळ जाऊ नकोस? जगभर असंख्य घरांत तीन पिढ्या एका छताखाली राहतात. त्या मजकुरात आजी-आजोबा कुठेच नाहीत.

'स्वीडनमध्ये काही बिघडलं नाही'

अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. मार्च ते जून २०२० या काळात स्वीडनमध्ये १ ते १६ वयाची साडेएकोणीस लाखांच्या आसपास मुलं होती. त्यांतल्या १५ जणांना कोरोनामुळे अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं आणि एकही दगावलं नाही. शाळा उघडण्याच्या बाजूने हा फार मोठा पुरावा होता.

उरलेलं अर्धं असं, की स्वीडनने सगळ्या शाळा चालू ठेवल्याच नव्हत्या. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांचे वर्ग चालू राहिले. त्यावरच्या मुलांचे मार्चमध्येच घरून सुरू झाले. त्यामुळे अभ्यासकांना तुलना करता आली. उघड्या वर्गांतल्या शिक्षकांना लागण होण्याचं प्रमाण घरून शिकवणाऱ्या शिक्षकांच्या जवळपास दुप्पट निघालं. पालकांमध्येही ते थोडं वाढलेलं होतं. म्हणजे मुलं बहुतांशी सुरक्षित होती, पण फळ्यासमोर उभ्या असलेल्या बाईंना धोका होता. आपल्या मुलांना शिकवणाऱ्या माणसाचं काय होईल, हा विचार ज्या पालकांच्या मनात आला, त्यांना घाबरट म्हणू नये.

'पालकांनी शाळा उघडू दिल्या नाहीत'

शाळा बंद करायचा निर्णय कुठल्या पालकसभेत झाला? जपानच्या पंतप्रधानांनी २७ फेब्रुवारी २०२० ला शाळा बंद ठेवण्याचं आवाहन केलं आणि २ मार्चपासून बहुतेक शाळा बंद झाल्या. इटलीत ४ मार्चला सरकारने जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवसापासून देशभर कुलूप लागलं. आईबापांना कळलं ते बातम्यांतून, आणि कामावर जाताना मुलांना कुठे ठेवायचं हा प्रश्न त्यांच्यावर त्याच संध्याकाळी येऊन पडला. बंद करताना ज्यांना विचारलं नाही, त्यांच्यामुळे शाळा बंद राहिल्या असं म्हणणं अन्यायाचं आहे.

उघडताना मात्र पालकांना विचारलं गेलं, आणि काही ठिकाणी ते खरोखर मागे सरले. पण कोण मागे सरले ते पाहा. अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पालक गोऱ्या पालकांपेक्षा अधिक साशंक होते. याच समाजांत साथीने जास्त माणसं नेली होती. ज्यांनी घरातलं माणूस गमावलं होतं, त्यांची शंका अनुभवातून आलेली होती.

पालकांवर दोष ढकलायची सवयही नवी नाही. १९१८ च्या फ्लूत न्यूयॉर्क आणि शिकागो या शहरांनी शाळा उघड्या ठेवल्या होत्या. शिकागोत गैरहजेरी प्रचंड वाढली, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याला पालकांचा फ्लूविषयीचा भयगंड असं नाव दिलं होतं. शंभर वर्षांपूर्वीसुद्धा पालकांना कशाची काळजी वाटते हे विचारण्याआधी त्या काळजीला नाव ठेवून मोकळे झाले.

'सारखी मतं बदलत होते'

हो, बदलत होतो. मीही बदलली. जूनमध्ये मला शाळा हवी होती, ऑगस्टमध्ये नको होती, डिसेंबरमध्ये पुन्हा हवी होती. कारण दर वेळी समोरची परिस्थिती निराळी होती. आधी पृष्ठभाग पुसायला सांगितले, मग कळलं की हवेतून पसरतो आणि खिडक्या महत्त्वाच्या. वर्गात दोन मुलांमध्ये सहा फूट अंतर हवं असं सांगणाऱ्या सीडीसीने मार्च २०२१ मध्ये, मास्क लावलेला असेल तर, तीन फूट पुरे असं सांगितलं. मग डेल्टा आला. मोठ्यांना लस मिळाली, पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकेतही ती मंजूर व्हायला ऑक्टोबर २०२१ ची अखेर उजाडली. मग ओमायक्रॉन. या सगळ्यात जो पालक एकाच मतावर अडून राहिला, तो ठाम नव्हता. त्याने नव्याने कळलेलं काही ऐकलं नव्हतं.

आमच्या घालमेलीचं आणखी एक कारण होतं, त्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. मुलीच्या शाळेने एका रविवारी रात्री संमतिपत्र पाठवलं. मुलाला स्वतःच्या जबाबदारीवर पाठवत आहे, काही झाल्यास शाळा जबाबदार नाही, खाली सही, सोमवारी दुपारपर्यंत. वर्गात किती मुलं बसणार, खिडक्या उघड्या राहणार का, कुणी आजारी पडलं तर आम्हाला कळवणार का, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. मी पाच प्रश्न लिहून पाठवले. उत्तर आलं नाही. मी सही केली नाही, आणि दोन महिने माझ्या मुलीचा हकनाक तोटा झाला. ते दोन महिने मला आजही बोचतात.

सगळी जबाबदारी पालकांवर टाकायची आणि ठरवायला लागणारी माहिती मात्र द्यायची नाही. मग ते डळमळले की त्यांनाच धरसोडे म्हणायचं. त्या मजकुरातली मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही आहे.

'ठाम पालकांची मुलं मागे पडली नाहीत'

याला नेदरलँड्सचं उदाहरण पुरेसं आहे. तिथे २०२० च्या पहिल्या लाटेत शाळा फक्त आठ आठवडे बंद होत्या आणि इंटरनेट जवळपास प्रत्येक घरात होतं. तरी परीक्षांच्या निकालांत शालेय वर्षाच्या एक पंचमांशाइतकी घट दिसली. शाळा बंद होत्या तोही काळ जवळपास तेवढाच, म्हणजे मुलं घरी बसून जवळजवळ काहीच शिकली नाहीत. कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांत ती साठ टक्क्यांपर्यंत जास्त होती. फरक पडला तो घरातल्या शिक्षणाने. आईबापांच्या मनाच्या घट्टपणाने नाही. ज्या आईला स्वतःला भागाकार येत नव्हता, तिने कितीही ठाम राहून तो शिकवला नसता.

'पुढच्या वेळी पालकांना विचारू नका'

उलट, आधी विचारा आणि नीट सांगा. १९१८ च्या न्यूयॉर्कमध्ये जवळपास दहा लाख शाळकरी मुलं होती आणि त्यांतली बहुतेक दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत राहत होती. शाळा उघडी ठेवणं तिथे शहाणपणाचं ठरलं, कारण शाळेत डॉक्टर आणि परिचारिका होत्या. शिक्षक रोज सकाळी मुलांकडे बारकाईने पाहत, संशय आला की मूल लगेच तपासणीला जाई.

इबोला या जीवघेण्या आजाराची साथ ओसरत असताना, २०१५ च्या फेब्रुवारीत, पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शाळा उघडल्या, तेव्हा फाटकावर हात धुवायच्या बादल्या होत्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचा ताप मोजला जात होता. शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण दिलेलं होतं, गावोगावी आधी जाऊन लोकांशी बोलणं झालं होतं. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला लहान मुलांच्या शाळा उघडल्या. तिथेही पालक बिथरले होते, 'आमची मुलं प्रयोगाचे प्राणी नाहीत' असं म्हणत होते. पण छोटे गट, बाकांमधलं अंतर, पुन्हापुन्हा हात धुणं, शक्य तेव्हा बाहेर अंगणात तास, हे सगळं येताजाता डोळ्यांना दिसत होतं.

माझ्या मुलीच्या शाळेत हे काम अखेर तिच्या वर्गशिक्षिकेने केलं. कुणी सांगितलेलं नसताना तिने वर्गाचा फोटो काढून सगळ्या पालकांना पाठवला: सताड उघड्या खिडक्या, एकाआड एक रिकामा बाक. खाली लिहिलं होतं, पंधरा मुलं बसतील, कुणाला ताप आला तर त्याच दिवशी कळवेन, आणि मला स्वतःलाही थोडी भीती वाटते आहे. माझी सही त्या संध्याकाळी झाली.