ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही

वायफाय चाललं तर ते आपोआप चालतं आणि अडलं तर बाबांनी काहीतरी केल्यामुळे अडतं, असा आमच्या घरात पक्का समज आहे. कारण एवढंच, की राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड फक्त मला माहीत आहे. तो मिळवणं हेही सोपं काम नव्हतं. खोक्याच्या पोटाखाली एक स्टिकर असतो. त्यावरची अक्षरं चष्मा लावून दिसत नाहीत आणि काढूनही दिसत नाहीत. मोबाईलने फोटो काढायचा, तो बोटांनी ताणून मोठा करायचा आणि मग हे शून्य की ओ, एल की आय, यावर घरात मतदान घ्यायचं.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की ते पान उघडतं. मोड, बँड, चॅनेल, चॅनेलची रुंदी. प्रत्येकापुढे 'ऑटो' असं लिहिलेलं असतं आणि शहाणा माणूस ते वाचून पान बंद करतो. मी नळाची धार बारीक झाली तरी पाना घेऊन बसणाऱ्या घराण्यातला. आमच्यात ऑटोवर विश्वास ठेवायची पद्धत नाही.

मोडचा प्रश्न तसा लवकर मिटला. मोड म्हणजे वायफायच्या कोणत्या पिढ्या चालवायच्या ते, आणि या पिढ्यांची नावं अक्षरांची. बी आलं १९९९ साली, वेग सेकंदाला ११ मेगाबिट. जी २००३ चं, एन २००९ चं, पुढे एसी आणि एएक्स. अक्षरांचा हा क्रम कुणालाच लक्षात राहीना, तेव्हा २०१८ पासून वायफाय ४, ५, ६ असे सरळ आकडे आले. घरात बी काळातलं एकही यंत्र उरलेलं नाही, म्हणून बी काढून टाकलं. जी मात्र ठेवावं लागलं, कारण आमचा प्रिंटर. तो वर्षातून दोनदा, शाळेच्या प्रोजेक्टला आणि इन्कमटॅक्सला, जागा होतो आणि तेव्हा त्याला जुनंच सगळं लागतं.

खरी गोम बँडमध्ये, म्हणजे वायफाय ज्या रेडिओलहरींच्या पट्ट्यात चालतं त्यात आहे. आम्ही डोंबिवलीकर, त्यामुळे मला ती चटकन कळली. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे स्लो लोकल. गर्दी मरणाची, पण भिंतीभिंतीतून वाट काढत प्रत्येक स्टेशन घेणार. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे फास्ट. हॉलमध्ये भन्नाट पळते, पण भिंती आल्या की दम तोडते. फायबरची वायर दारातून आत येते, म्हणून राउटर दाराशीच. मग स्वयंपाकघर, मग आरशाचं लोखंडी कपाट, आणि त्याच्यापलीकडे आईची खोली. ती खोली म्हणजे ठाकुर्ली, फास्ट न थांबणारं आमच्या शेजारचं स्टेशन.

आणि कीर्तन बघायचं असतं ठाकुर्लीत.

"अरे, बुवांचं तोंड उघडंच राहिलंय," आई आतून सांगते. मी तिचा टीव्ही २.४ वर आणतो. कीर्तन सुरू होतं आणि नेमकं तेव्हाच हिला दूध गरम करायचं असतं. मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. त्यात आठशे-हजार वॅट खेळत असतात, तर राउटर एका वॅटच्या अंशावर बोलत असतो. दारातून जे थोडंफार निसटतं, तेवढंही त्याला भारी पडतं. एका कप दुधापायी बुवा पुन्हा आ वासून उभे. मी म्हटलं, कीर्तन संपेपर्यंत दूध गॅसवर तापव. ही म्हणाली, "अहो, मग मायक्रोवेव्ह कशाला घेतला?" यावर राउटरच्या पुस्तिकेत काही दिलेलं नाही.

दोन्ही बँडना एकच नाव द्यायची सोय असते. कुणाला कुठे बसवायचं ते राउटरच ठरवतो. ऐकायला छान वाटतं. मी ते केलं आणि त्याच आठवड्यात गीझरसाठी वायफायचा प्लग आणला. या प्लगला २.४ सोडून काही कळत नाही. फोन राउटरपाशीच, म्हणून राउटरने त्याला ५ वर बसवलेला. अ‍ॅप म्हणतं, फोन आधी २.४ वर आणा. फोनमध्ये तसं बटणच नाही, कारण नाव एकच!

यावर उपाय आहे आणि तो तंत्रज्ञानाला शोभत नाही. फोन घेऊन ५ पोचणार नाही इतक्या लांब जायचं, म्हणजे फोन नाइलाजाने २.४ पकडतो. तेव्हा मी जिन्यात. अर्धा जिना उतरून, फोन उंच धरून. हातात फोन आणि अंगात बनियन बघून वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "रेंज नाही का हो? आमच्याकडे या ना." मी म्हटलं, "रेंज जास्त आहे, कमी करतोय." तेव्हापासून त्या माझी चौकशी हिच्याकडेच करतात. परत आल्यावर मी मुकाट्याने दोन बँडना दोन नावं दिली.

मग चॅनेल, म्हणजे बँडमधली एकेक लेन. आपल्याकडे २.४ मध्ये तेरा चॅनेल मिळतात, पण त्यांच्यात अंतर पाच-पाच मेगाहर्ट्झचं आणि एकेकाला जागा लागते वीसची. म्हणून एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच धरतात, १, ६ आणि ११. कुणाचं नको म्हणून मधला ३ घेणारा जास्त पस्तावतो. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात, शेजारच्या चॅनेलवरचा मात्र नुसता कलकलाट ठरतो. फोनवरच्या अ‍ॅपात पाहिलं तर आमची अख्खी इमारत ६ वर. त्यात कुणी वेग वाढेल म्हणून रुंदी ४० करून ठेवलेली, म्हणजे एकट्यानेच अर्धा पट्टा अडवलेला. तक्रार कुणाकडे करणार? हा पट्टा २००५ सालीच परवान्यातून मोकळा झालाय.

मी ११ वर गेलो. दोन दिवस सुखाचे गेले. मग शेजारपाजारच्या ऑटोवाल्या राउटरांना ११ मोकळा दिसला आणि तेही एकेक करून आले. ६ वर आता शुकशुकाट.

शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. पहिल्या मजल्याने १ घ्यावा, दुसऱ्याने ६, तिसऱ्याने ११, पुन्हा चौथ्याने १. सगळ्यांनी रुंदी २० ठेवावी. इतकी साधी गोष्ट. पहिला मजला उसळला. "आम्हाला एक आणि वरच्यांना अकरा? मेंटेनन्स तर सारखाच भरतो." एका काकांनी विचारलं, चौदावा शिल्लक आहे का. तो फक्त जपानात आहे, म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. मेंटेनन्स थकवणाऱ्यांना चॅनेल द्यावा का, यावर अर्धा तास गेला. सेक्रेटरींनी समारोप केला, "पार्किंगचं मिटू द्या, मग हवेचं बघू."

५ मध्ये तशी जागा भरपूर. मुलीने गेमसाठी पिंग पिंग (म्हणजे समोरून उत्तर यायला लागणारा वेळ) करून डोकं खाल्लं, तेव्हा मी तिथे १०० नंबरचा चॅनेल टाकला. अगदी मोकळा होता. सेव्ह केलं आणि नेटवर्कच नाहीसं झालं.

"बाबा! काय केलंत?"

ते मोकळं असण्यामागे कारण होतं. ५ च्या त्या भागातल्या लहरींवर हवामानाची वगैरे रडारं काम करतात. त्यामुळे राउटरला आधी किमान साठ सेकंद गप्प राहून आसपास रडार नाही ना, याचा कानोसा घ्यावा लागतो. पुढेही कधी चाहूल लागली तर जागा सोडून पळायचं. साठ सेकंद मोठी नसतात असं ज्याला वाटतं, त्याच्या घरात एक जण मीटिंगमध्ये, एक गेममध्ये आणि एक कीर्तनात नसावा. मी चॅनेल ३६ वर आणला आणि रडारांना त्यांची जागा सोडली.

आता घडी बसली आहे. सध्या तरी. २.४ परत ६ वर, रुंदी २०; ५ ला ३६, रुंदी ८०. परवा आईने सहज विचारलं, "टीव्ही काही जागचा हलत नाही. मग त्याला हवेतून कशाला? वायर ओढ की."

बरोबर होतं. लॅन केबल टाकली की चॅनेल नको, बँड नको, दूध नको. मी लगेच टेप घेऊन मोजायला लागलो. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघराच्या दारावरून वर, कपाटामागून आत. भिंतीला एकच भोक.

"रंग आत्ता मेमध्ये दिलाय," ही लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाली. "भोकाचं दिवाळीनंतर बघू."