अमिश बायकांची टोपी आणि आपली घाईची कणव

‘अमेरिकेतल्या अमिश आणि जुन्या वळणाच्या मेनोनाइट बायकांवर बिशप कपडे लादतो, त्यांच्या विवेकाला तिथे जागा नाही, आणि ऐकलं नाही तर घरचेच वाळीत टाकतात.’ साधं राहणाऱ्या या दोन ख्रिस्ती पंथांबद्दल हा दावा सर्रास फिरतो. साफ खोटा नाही, म्हणूनच कुणी तपासत नाही.

आधी बिशप, म्हणजे मंडळीचा धर्मप्रमुख. अमिशांत तो चिठ्ठी काढून निवडला जातो. कपड्यांचे नियम बहुतेक तोंडीच असतात आणि वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाआधी (येशूच्या शेवटच्या जेवणाच्या स्मरणविधीआधी), मंडळीसमोर, म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासदांसमोर, येतात. सभासदांना संमती विचारली जाते; एकमत नसेल तर प्रभुभोजन पुढे ढकललं जातं. बिशपच्या शब्दाला वजन असतं, हे मान्य. पण एकट्याच्या हुकमाने नियम ठरत नाही.

फक्त बायकांवर? लग्न झालेला अमिश पुरुष दाढी राखतो, मिशी नाही. मिशी म्हणजे सैनिकी रुबाब, आणि ही मंडळी शस्त्र न धरणारी. पेनसिल्व्हेनियाच्या बिग व्हॅलीत पांढऱ्या टपाच्या बग्गीवाल्या गटातले पुरुष पँटला खांद्यावरचे पट्टे लावतच नाहीत, पिवळ्या टपवाले एकच लावतात. मेनोनाइटांत मात्र आरोपात दम आहे. अनेक ठिकाणी नवरा साध्या शर्ट-पँटमध्ये आणि शेजारी बायको टोपी घालून, छातीवर जादा कापड असलेल्या झग्यात.

वाळीत टाकण्याचं म्हणाल, तर अमिशांत ते मोठेपणी बाप्तिस्मा घेताना केलेली शपथ मोडणाऱ्यासाठी आहे. बाप्तिस्म्याआधी निघून गेलेल्या मुलीला ते लागू नाही. शपथ घेऊन मोडणाऱ्याला मात्र काही गटांत घरच्यांच्या ताटापासून वेगळं जेवावं लागतं, आणि ते क्रूर आहे असं माझं मत.

आता विवेक. अमिश आणि मेनोनाइट ज्यातून निघाले तो पंथच त्यावरून जन्मला. 21 जानेवारी 1525 ला झुरिचमध्ये काही प्रौढांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, कारण तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा हा त्याचा स्वतःचा निर्णय नसतो. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला 1527 मध्ये लिमाट नदीत बुडवलं. आजही कपड्यांवरून आतल्या आत वाद आहे. एक बाजू बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय पुढे करून म्हणते, अशा बाबतीत ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावं. दुसरी म्हणते, डोकं झाकणं ही प्रेषित पौलाची शिकवण, करिंथकरांस पहिल्या पत्रातली. बाहीची लांबी आणि टोपीचा घाट हा आपण मिळून केलेला करार, असंही तीच म्हणते. मेनोनाइट मिशनरी 1899 मध्ये आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधल्या धमतरीत आले. तिथल्या ख्रिस्ती बायकांना डोकं झाकायला साडीचा पदर पुरला.

खरी अडचण दावा करणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. अमिश मुलांची शाळा आठवीला संपते. 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. सगळं गणगोत एकाच मंडळीत. अशा मुलीने विशीत घेतलेली शपथ कितपत मोकळी? याचं समाधानकारक उत्तर मला अमिशांकडूनही मिळालेलं नाही. वाद घालायचाच तर इथे घाला. टोपीच्या नाड्यांना धरून काही हाती लागायचं नाही.