शेंगेन व्हिसा: लंडनला जाऊन आल्याने दिवस परत मिळत नाहीत

'शेंगेनचा वर्षाचा व्हिसा हातात आला की वर्षभर युरोपात राहा. ९० दिवस भरले तर दोन दिवस लंडनला जाऊन या, मोजणी पुन्हा शून्यावर' असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. कृपया त्यावर विसंबून तिकिटं काढू नका. तो चुकीचा आहे. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले २९ देश; ब्रिटन त्यांत नाही.

पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवरच्या तारखा म्हणजे व्हिसा वापरण्याची मुदत. मुक्काम किती, ते दिवसांच्या वेगळ्या रकान्यात लिहिलेलं असतं. तिथे १५ असेल तर मुदत महिन्याभराची असली तरी १५च दिवस.

वर्षाच्या व्हिसावरही कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. हे १८० दिवस जानेवारीपासून किंवा पहिल्या प्रवेशापासून मोजत नाहीत. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. समजा, मुलीकडे जर्मनीत १ एप्रिल ते २९ जून राहिलात. ९० दिवस संपले. आता थेट २८ सप्टेंबरलाच परत जाता येईल, मधल्या काळात कुठेही फिरून आलात तरी. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड धरून सगळ्या २९ देशांतले दिवस एकत्रच मोजतात.

शिवाय लंडनसाठी भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, हे त्या संदेशात कुठेच नाही! नातवंडांसाठी धावत जाणाऱ्या आजी-आजोबांना हा सल्ला फार महागात पडू शकतो: दंड, प्रवेशबंदी, पुढचा व्हिसा नाकारला जाणं. ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर प्रवेश आणि निर्गमनाची डिजिटल नोंदही सुरू झाली आहे.