खडी, जिवाणू आणि 'शिकून घ्यावं'

'गप्पीप्रेमी' यांस,

साहेब म्हणू की बाई, टोपणनावावरून कळत नाही, म्हणून नुसता नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी चहा घेताना परत वाचली. रात्रीपेक्षा सकाळी जास्त लागली.

गोल्डफिशच्या टाकीतली खडी दर आठवड्याला सायफनने, म्हणजे मळ ओढून घेणाऱ्या नळीने, साफ करावी, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं वाक्य: "दर आठवड्याला खडी ढवळायला सांगणाऱ्यांनी आधी टाकीतले उपयोगी जिवाणू म्हणजे काय ते शिकून घ्यावं, मग लोकांचे मासे मारावेत." 'जिवाणू मरत नाहीत का?' एवढंच विचारलं असतंत तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण 'शिकून घ्यावं'? आणि वर 'मासे मारावेत'? मी काय गळ टाकून बसलोय?

एक मान्य करतो. लेखात एका ठिकाणी नायट्राइटच्या जागी नायट्रेट पडलं होतं. पहिलं माशांना विषारी, दुसरं त्या मानाने सौम्य, हे मला ठाऊक आहे, बोट चुकलं. काल दुरुस्त केलं. आभार.

आता जिवाणू. माझ्या वडिलांनी १९९४ साली क्रॉफर्ड मार्केटमधून दोन फुटी टाकी घेतली आणि व्हीटीहून डोंबिवलीपर्यंत लगेजच्या डब्यात उराशी धरून आणली. तेव्हा खडीखालचा फिल्टर असायचा. तळाला प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर दोन-अडीच इंच खडी, कोपऱ्यात उभी नळी आणि रात्रभर घरघरणारा हवेचा पंप. पाणी खडीतूनच खाली ओढलं जायचं, म्हणजे खडी हाच फिल्टर. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईत डब्या-भांड्यांबरोबर टाकीही रिकामी झाली. आईने खडी घमेल्यात घेतली आणि तांदूळ धुवावेत तशी नळाखाली पाणी नितळ होईपर्यंत धुतली. टाकी अशी लखलखली की शेजारचे बघायला आले. भाऊबीजेला मासे वर येऊन तोंडाची उघडमीट करू लागले, आणि आठवडाभरात चार गेले. आजी म्हणाली, दृष्ट लागली.

मासे नंतर गेले, आधी गेले ते जिवाणू. काही चोळण्यात निघाले, उरलेले नळाच्या क्लोरीनने मेले. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, काही पुढे नायट्रेट. ही साखळी तुटली की अमोनिया साचत जातो. तेव्हा साहेब किंवा बाई, मी हे बाराव्या वर्षी, गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत चार मासे पुरून शिकलो आहे. तुम्ही कुठे शिकलात ते लिहिलेलं नाही.

सायफनने तसं होत नाही. जिवाणू खड्यांना बुळबुळीत थरासारखे चिकटून असतात, सुटे तरंगत नसतात. रुंद तोंडाची नळी खडीत खुपसली की खडे उसळतात, मळ हलका म्हणून बादलीत जातो, खडे जड म्हणून परत खाली बसतात. नळाच्या पाण्याचा संबंधच येत नाही. शिवाय अर्धी खडी या रविवारी, अर्धी पुढच्या, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. पाणीही चौथा हिस्साच बदलायचं, नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन टाकून. हल्ली ज्यांच्याकडे स्पंजचा फिल्टर असतो, त्यांचे बरेच जिवाणू स्पंजात राहतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. हेही लेखात आहे. लेख शेवटपर्यंत वाचायचा असतो.

आणि तुम्ही स्वतः काय करता? "मी सहा महिन्यांतून एकदा सगळी खडी बाहेर काढून स्वच्छ धुतो, माझे मासे मजेत आहेत." ('धुतो' लिहिलंय, म्हणजे साहेबच.) जिवाणूंची एवढी कणव, आणि वर्षातून दोनदा त्यांची सामुदायिक आंघोळ! तुमचे गप्पी तगले ते तुमच्यामुळे नव्हे, गप्पी चिवट म्हणून.

टाकीत झाडं लावली असतील तर मुळांशी उकरू नये, बारीक वाळू असेल तर नळी वरूनच फिरवावी, थोडे गप्पी आणि मोठी टाकी असेल तर महिन्यातून एकदाही चालेल, इतपत तुमच्याशी सहमत आहे. पण माझा लेख गोल्डफिशवर होता. या माशाला जठरच नसतं. खाल्लेलं साठत नाही, भराभर पुढे सरकतं, आणि सगळं खडीत जाऊन बसतं. विश्वास नसेल तर माझी बादली बघायला या.

बाकीच्या मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. "दोन फुटी टाकीत सहा गोल्डफिश कोंबलेत, तेच कमी करा म्हणजे दर आठवड्याची कटकट उरणार नाही," म्हणे. फोटोवरून टाकी मोजणाऱ्यांशी काय बोलायचं? तसे आता पाचच आहेत. खाद्य दिवसातून तीनदा जास्त होतं, टाकी खिडकीशी नको, वगैरे वगैरे. वाचलं.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त स्वतःच्या नावाने. आज रविवार, डाव्या बाजूच्या खडीची पाळी आहे.