तात्यांचा कंदील परत पाठवला, हे चुकलंच

दुपारपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही.

आपल्याकडच्या एका छोट्या संग्रहालयात आज 'घरातली जुनी वस्तू घेऊन या' असा कार्यक्रम होता. नाव लिहीत नाही, तिथली माणसं वाईट नाहीत. भाचीला घेऊन गेले होते. रांगेत आमच्या पुढं सांगलीजवळच्या हरिपूरचे एक तात्या उभे होते. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीत गंजलेला कंदील आणि दोराचं वेटोळं. उमेदीची सगळी वर्षं हळदीच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, उतरण्यात गेलेला माणूस. टेबलामागच्या मुलानं कंदील इकडून तिकडून बघितला आणि म्हणाला, "काका, असले कंदील घरोघरी असतात. याला ऐतिहासिक मूल्य नाही." तात्या काही बोलले नाहीत. कंदील पुन्हा पिशवीत ठेवला आणि बाजूला झाले.

सांगलीत बसून हळदीच्या पेवाला ऐतिहासिक मूल्य नाही म्हणायचं?

अरे, पेव म्हणजे काय हे तरी विचारायचंत. हरिपूरच्या त्या मातीत खणलेले खोल खड्डे, तोंड अरुंद आणि पोट रुंद. आत हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नसे. पण तीच कोंडलेली हवा उतरणाऱ्याच्या जिवावर उठायची. म्हणून पेव उघडलं की आधी बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोराला बांधून कंदील खाली सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर थांबायचं. घरोघरच्या कंदिलांवर असा कुणाचा जीव टांगलेला नव्हता.

२००५ च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं, कितीतरी पेवं निकामी झाली, आणि हळद गोदामांत नि कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं स्टेटस ठेवले. ती हळद खाली उतरून पोत्यांत भरणारा माणूस आज दारात आला, तर त्याला बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही!

आत चार तलवारी आहेत. पाटीवर 'तलवार' एवढंच. कुणाची, कुठून आली, कुणी दिली, काही नाही. तिला काचेचं कपाट. आणि ज्या वस्तूची गोष्ट सांगणारा माणूस समोर जिवंत उभा आहे, तिला जागा नाही.

जागा कमी आहे, माणसं दोन, आलेली प्रत्येक वस्तू ठेवायची तर संग्रहालयाचं अडगळीचं घर होईल, हे मान्य. मग वस्तू ठेवू नका. फोटो काढा, नाव-गाव लिहा, पाच मिनिटं बोलणं रेकॉर्ड करा. त्याला कपाट लागत नाही.

तलवारींवर माझा राग नाही. २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्यात आली तेव्हा मीही रांगेत उभी होते आणि माझेही डोळे भरून आले होते. पण आपल्याच भागात औंध संस्थानच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आपला संग्रह यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधून लोकांसाठी खुला केला, १९३८ मध्ये. राजानं आपलं लोकांना दाखवलं. आता लोक आपलं आणून दाखवताहेत, तर त्यांना परत का पाठवायचं?

आता थोडी शांत झालेय, म्हणून पुढचंही सांगते. बाहेर पायरीवर तात्या बसले होते. भाचीनं जाऊन विचारलं, "आजोबा, हा पेटतो का?" झालं. तात्यांनी दोर सोडला, पायरीवरून कंदील खाली लोंबकळत ठेवला. "वात बारीक झाली की समजायचं, खाली हवा न्हाई. वरचा गडी दोर सोडायचा न्हाई कधी. त्येच्यावर सगळा भरवसा." बघता बघता तिथंच चाललेल्या चित्रकला स्पर्धेची पोरं रंग टाकून गोळा झाली. एकानं विचारलं, भीती वाटायची का? तात्या म्हणाले, "व्हय की. रोज."

मघाच्या टेबलामागचा मुलगाही दारात येऊन ऐकत होता. त्याला दोष देऊन काय करू, बावीस-तेवीसचा असेल. त्याला कुणी शिकवलंच नसेल की वस्तू हातात घेतली की पहिला प्रश्न 'किती जुनी' नसतो, 'तुम्ही हिचं काय करायचात' हा असतो. शिकवायला हवं होतं ते वरच्या मंडळींनी, आणि त्यांच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही.

तर मंडळी, मार्केट यार्डातल्या जुन्या हमालांना, तोलाईदारांना, अडत्यांना कोण ओळखतं? हळदीच्या सौद्यांच्या जुन्या वह्या कुणाच्या माळ्यावर आहेत? मिरजेत सतारीचे भोपळे कोरणाऱ्यांच्या घरी कुणाचं जाणं-येणं आहे? कमेंटमध्ये सांगा. तात्यांनी रविवारी हरिपूरला बोलावलंय, पेवाची जागा दाखवतो म्हणालेत. व्हिडिओ नीट काढता येणारं कुणीतरी सोबत हवंय, माझ्या फोनवर आवाज धड येत नाही.