फियाट विकावी, पण चालवणाऱ्यालाच

वडिलांची १९७९ सालची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी मोटार, विकावी की ठेवावी, हा विषय पुण्याच्या घरी पुन्हा निघाला आहे आणि लंडनहून मीही त्यात मत देतो आहे. धाकटा भाऊ म्हणतो, जुन्या गाड्या धूर ओकतात, सरकारने शुल्क वाढवले ते योग्यच केले. आईला गाडी दारातून जायला नको आहे.

नोंदणीच्या नूतनीकरणाचे ६०० रुपये २०२२ मध्ये ५,००० झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी १०,०००. पन्नास वर्षे भरली की २०२१ च्या नियमांनुसार गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण मग प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे आमची फियाट २०२९ पर्यंत नुसती जुनी आणि नंतर, व्हिंटेज म्हणून नोंदवली तर, शोभेची. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांच्या मोटारीला वाहनकर माफ होतो, मूळ रचनेत मोठा फेरफार नसल्यास वार्षिक तपासणीचीही सक्ती राहत नाही, आणि तरीही मालक तिच्यातून खुशाल बाजारात जाऊ शकतो. तपासणीतील सूट मला मुळीच पटत नाही, कारण जुन्या गाडीचेच ब्रेक आधी पाहायला हवेत. चालवण्याची मुभा मात्र आपणही द्यायला हवी. महिन्यातून दोन-तीनदा बाहेर पडणाऱ्या गाडीचा धूर रोज धावणाऱ्या वाहनाच्या मापाने मोजणे न्याय्य नाही.

शिवाय, उभी गाडी टिकत नाही. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरतो, ब्रेकमधली रबरे आखडतात, टायर एका बाजूने बसतात. मागच्या भेटीत मी ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला गेले. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने ब्रेक ऑइल ओघळलेले होते. आईला गाडी चालवता येत नाही, भावाला चालवायची नाही आणि मी इथे आहे, तेव्हा ती ठेवण्याचा हट्ट तिच्याच मुळावर येतो.

म्हणून माझे मत विकण्याचे आहे. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेल्यापासून तिच्याविषयी हळहळणारे बरेच झाले, आणि त्यांतल्याच एका हॉटेलमालकाला आमची गाडी काळी-पिवळी रंगवून दारात उभी करायची आहे. दुसरा ग्राहक त्याच्यापेक्षा बराच कमी भाव देतो, पण त्याच्याकडे चालती पद्मिनी आहे, सुटे भाग जमवलेले आहेत आणि स्टीअरिंगजवळचा गिअर कसा टाकायचा हे त्याला शिकवावे लागणार नाही. गाडी त्यालाच द्यावी, आणि कागदपत्रे त्याच्या नावावर होण्याआधी ब्रेकचे काम आपल्या खर्चाने करून द्यावे.